पंख्यावरचे बजरीगर

पनवेलच्या बाजारातून मी बजरीगरची, म्हणजे त्या चिमुकल्या रंगीत पोपटांची, चार पिल्लं ऐटीत आणली. दुकानदार म्हणाला, "खोलीत मोकळी सोडा, आपोआप माणसाळतील." मी मूर्खासारखा विश्वास ठेवला. दारं-खिडक्या लावून पिंजरा उघडला, तर माझ्या हातातल्या दाण्यांकडे ढुंकूनही न बघता चारही थेट बंद पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसली. उतरायचं नाव घेईनात. ऐन मे महिना. बाबा बनियनवर निथळत होते. ते पेपरने वारा घ्यायला लागले, तर मीच डाफरलो, "घाबरतील ना!" शिट्टीला दचकतील म्हणून आईने कुकरही लावला नाही.

शेजारच्या काकूंनी दाराच्या फटीतून विचारलं, "लाइट गेली का हो?"

बाबा कुजबुजले, "नाही वहिनी. घरातले सगळे माणसाळलेत, पक्षी तेवढे राहिलेत."