पांढऱ्या बर्फाचं वाक्य

कडक हिवाळ्याच्या डुलुथ शहरातल्या चढावरच्या घरात मार्लिस नीमी एकटीच राहायची. वय साठीला टेकलेलं. धाकटी बहीण हिवाळ्याला कंटाळून ॲरिझोनाला गेली, तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाची एक बाजू संगणकाने घेतली होती आणि दुसऱ्या बाजूला कुणी बसत नव्हतं.

तिचं काम एका संकेतस्थळाचं. लस कशी काम करते, वीजबिलातले आकडे कसले, भूकंप का होतो, असं काहीबाही लोकांना समजावून सांगणारं ते संकेतस्थळ. लिहिणारे पुष्कळ होते. पण हा आकडा कुठून आणलास, हे कोण म्हणालं, 'बरेच' म्हणायचंय की 'सगळे', हे विचारणारी मार्लिस. एके काळी असं विचारणारे चौघे होते. एक बाई निवृत्त झाल्या, दोघांना कमी केलं. उरली ही.

सगळे आपापल्या घरून काम करायचे. सोमवारच्या बैठकीत पडद्यावर चौकोन उघडायचे, कुणाचं मांजर दिसायचं, कुणाचं बाळ रडायचं. "मार्लिसच्या चाळणीतून काही सुटत नाही हं," असं लेखक तोंडावर म्हणायचे. तीही हसायची. मग चौकोन मिटायचे आणि घरात फ्रिजची घरघर तेवढी राहायची.

डिसेंबरात एका वाचकाचं पत्र आलं. बेमिजी गावचे आर्ने स्लेटन, वय अठ्ठ्याहत्तर. तळ्यावरच्या बर्फावरून चालणं कधी सुरक्षित, या तुमच्या लेखात चार इंच जाडी पुरे असं लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. 'चार इंच नव्या, काचेसारख्या बर्फाला. हिम मिसळून गोठलेल्या, ठिसूळ पांढऱ्या बर्फाला दुप्पट लागते. हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही.'

लेख नऊ वर्षांपूर्वीचा. मार्लिसने त्याच्या जुन्या प्रती काढल्या. पहिल्याच प्रतीत ते वाक्य होतं. कॉलीन नावाच्या मुलीने नीट लिहिलं होतं. पुढच्या प्रतीत ते खोडलेलं होतं, शेजारी शेरा होता, 'लांबी कमी केली', आणि खाली आद्याक्षरं होती. तिची स्वतःची.

तळ्याकाठीच वाढलेली बाई ती. पांढरा बर्फ तिला पाच वर्षांची असताना बापाने दाखवला होता.

मुख्य संपादक थिओ ब्रुकलिनला राहायचा. चाळिशीही न गाठलेला, मनाने चांगला, कायम घाईत. तिने त्याला फोन केला.

"अगं, मग घाल ना ते वाक्य परत आणि मोकळी हो," थिओ म्हणाला. "नऊ वर्षांचा लेख. कोण बघतंय?"

"गुपचूप दुरुस्ती करायची नाही, हा आपला नियम आहे. वर नोंद लावावी लागेल."

"नियम मला नको शिकवूस गं बाई. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, लोक उघडतात तो लेख, आणि आपणच त्याच्या डोक्यावर 'आम्ही चुकलो' अशी पाटी लावायची? चूक कुणाची पण? त्या कॉलीनची ना? ती तर केव्हाच गेली."

"माझी."

थिओ हळू आवाजात म्हणाला, "मार्लिस, सध्या वर काय चाललंय तुला माहितेय. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?"

"चार इंच पांढऱ्या बर्फावर कुणी गेला असेल तर, थिओ?"

"बरं," तो म्हणाला. "लाव."

नोंद तीन ओळींची झाली. त्यात तिने मुद्दाम लिहिलं की ते वाक्य लेखिकेने लिहिलं होतं, संपादनात गळलं. कॉलीन आता शाळेत शिकवायची. मार्लिसने तिला सविस्तर पत्र लिहून माफी मागितली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'कुठला लेख? मला आठवतच नाहीये! काळजी घ्या.'

मग तिने स्लेटनना फोन लावला.

"तिकडे माणसं असतात होय?" म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, मशीनच चालवतं सगळं."

"तो लेख वाचून तुमच्याकडे कुणी बर्फावर गेलं होतं का?"

"छे हो. आमच्याकडे वाचून कोण जातंय? भोक पाडायचं, मोजायचं, मग पाय टाकायचा. नातीला पाठवायला लेख शोधत होतो. टेक्सासहून येतेय नाताळाला. तिला मेलीला काय कळतंय बर्फातलं!"

"नाही ना पाठवला?"

"नाही, नाही. आधी तुम्हालाच चार शब्द सुनावले."

तिने आभार मानले. फोन ठेवला. एक नात वाचली, बाकीच्यांचं काय? नऊ हिवाळे. लेख दोन लाखांहून जास्त लोकांनी उघडला होता. तिने जुन्या बातम्या शोधायला घेतल्या. बर्फ फुटून गेलेल्यांची नावं, वयं, तळ्यांची नावं. एक बाप आणि त्याचा कुत्रा. कॉलेजातले दोघे. जाण्याआधी त्यांनी काय वाचलं होतं, हे कुठल्याच बातमीत नव्हतं, असणार तरी कसं? तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ते सगळं बंद केलं. कळणार नव्हतं. कधीच कळणार नव्हतं, आणि हे सांगायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "तू ना, उगाच जिवाला लावून घेतेस. इकडे ये, ऊन खा जरा."

सोमवारच्या बैठकीत त्याचा विषयही निघाला नाही. ती नोंद एकेचाळीस जणांनी पाहिली होती.

मार्चमध्ये तिचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. लेखक एकमेकांचं तपासतील असं ठरलं. पूर्णवेळ काम संपण्याआधी तिने सगळ्यांना संगणकावर दिसणाऱ्या नियमांच्या वहीत एक नियम घातला : जिवाशी संबंध असलेलं वाक्य लांबीसाठी कापायचं नाही, कापायचंच तर लिहिणाऱ्याला आधी विचारायचं.

एप्रिलमध्ये कुणा नव्या मुलाचा निरोप आला. नाव ब्रॅडन, त्याला तिने पडद्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. 'हा नियम जरा अतीच नाही का? कुणी घातलाय? काढू या?'

'मी घातलाय,' तिने लिहिलं. 'राहू दे.'

उत्तर आलं नाही. पण आठवड्याने तिने वही उघडून पाहिली, नियम तिथेच होता. तिने पुढचा लेख तपासायला घेतला. विषय होता, मधमाश्या थंडीत काय करतात. पहिल्याच परिच्छेदात 'सगळ्या' लिहिलं होतं. त्याच्या शेजारी तिने लिहिलं, 'सगळ्या? कशावरून?'