देवघरासमोरचा वॉल्ट्झ

बायकोने तो कोरियन सिनेमा पाहिला तेव्हा मी शेजारी बसून घोरत होतो, असं तिचं म्हणणं. मी डोळे मिटून ऐकत होतो. बॉलरूम डान्सच्या स्पर्धेची गोष्ट होती. नायक गबाळा, पण नाचायला लागला की राजपुत्र. नायिका गरीब, पण कांती करोडपतीची. पाठीवर नंबर लावून जोडपी गोल फिरत होती आणि परीक्षक मयताला आल्यासारखे उभे होते. दोघांचं प्रेम आहे हे आम्हाला सुरुवातीलाच कळलं. त्यांना कळायला अख्खा सिनेमा लागला.

शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, मंडळाच्या कार्यक्रमात आपण हे करायचं."

मला वाटलं, रडायचं.

"वॉल्ट्झ. आपण दोघं."

आमचं मंडळ म्हणजे इथे आखातात राहणाऱ्या मराठी माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर शाली टाकण्यासाठी केलेली सोय. अधूनमधून त्यात गाण्या-नाचाच्या स्पर्धाही होतात. मी हे बोलून दाखवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "इतकी वर्षं मी मंडळाच्या कार्यक्रमांत मसालेभाताच्या पातेल्यामागे उभी आहे. लोक मला हातातल्या डावावरून ओळखतात. एकदा स्टेजवरून खाली बघायचंय मला. आणि तुम्ही हसायचं नाही. हसवायचंही नाही. जमेल?"

मला एक चांगला विनोद सुचला होता. तिचा चेहरा बघून तो गिळला.

तालीम करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. सोफा बाल्कनीत ढकलला, तरी फ्रिज आणि डायनिंग टेबल होतंच. उरलेल्या चौकोनात आम्ही मोबाइलवर शिकवणी लावून फिरू लागलो. अडचण एकच: फ्रिजशेजारी भिंतीवर देवघर. पहिल्याच फेरीला ती थबकली. "देवासमोरून असं मिठी मारून जायचं? बरं दिसतं का?" मग तोडगा निघाला. देवघरासमोर आलं की एक हात सोडायचा, छातीशी न्यायचा, मान लववायची, पुन्हा हात धरायचा आणि पुढे.

"यल्ला, चला चला, वन टू थ्री!" सोफ्यासकट बाल्कनीत गेलेली मुलगी ओरडायची. "बाबा, स्टॉप लुकिंग अ‍ॅट युअर फीट!"

"टाइल्स मोजतायत ते," बायको म्हणायची. "माझ्याकडे बघा हो. त्या सिनेमातला कसा बघतो!"

"त्याला तिच्याशी अजून लग्न करायचं होतं," मी म्हणालो. हा विनोद तालमीत होता, स्टेजवर नव्हता, म्हणून माफ झाला.

महिनाभरात पाय आपोआप पडू लागले. नमस्कारही.

कार्यक्रम शेजारच्या अजमान शहरातल्या एका हॉटेलात होता, कारण तिथे भाडं कमी. पुढच्या रांगेत मधोमध राजेशाही सोफा, त्यावर प्रमुख पाहुणे. बांधकामाची मोठमोठी कंत्राटं घेणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर टीपॉय, टीपॉयवर प्लास्टिकची फुलं, आणि चेहऱ्यावर सत्काराला उशीर होत असल्याची नाराजी.

संगीत सुरू झालं. ती निळ्या गाऊनमध्ये, मी लग्नातल्या सुटात, श्वास न घेता. पहिलं वळण झकास झालं. दुसऱ्या वळणावर आमचे हात सुटले, छातीशी गेले आणि माना लवल्या. घरात जिथे देवघर होतं, तिथे आता प्रमुख पाहुणे बसले होते.

ते गडबडून उठले आणि त्यांनी हात जोडले. ते उठले म्हणून शेजारचे अध्यक्ष उठले, अध्यक्ष उठले म्हणून अख्खी पहिली रांग. आम्ही तोवर पुढे गेलो होतो. मंडळी बसली.

पुढच्या फेरीत तेच. पाय ऐकेनात, हात ऐकेनात. पहिली रांग पुन्हा उभी. मागून कुणीतरी खिदळलं. माझ्या पोटात हसू उकळू लागलं. मी दात आवळले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर बायकोच्या डोळ्यांत बघितलं. तिचे डोळे भरले होते. संपलं, मला वाटलं. आता हिला घरी काय तोंड दाखवू?

तिसऱ्या खेपेला मी तिचा हात घट्ट धरून ठेवला, सुटूच द्यायचा नाही म्हणून. पण पाहुणे आधीच अर्धवट उठून, हात जोडून वाट बघत होते. त्यांचा टाय पोटापुढे लोंबत होता.

बायको ओठ न हलवता म्हणाली, "करा हो नमस्कार. नाहीतर बसायचे नाहीत ते."

आणि फुटली. गाऊन सावरत, मला धरून, मोठ्याने हसत सुटली. मग मीही. आम्ही दोघांनी कंबरेतून वाकून असा नमस्कार केला, की हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. ती वळली, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना तिने नीट बघून घेतलं, आणि उरलेला वॉल्ट्झ आम्ही हसतच पुरा केला.

पहिलं बक्षीस कोळीनृत्याला गेलं. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की पाश्चात्त्य नृत्यातही ज्येष्ठांचा मान न विसरणारं असं जोडपं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग आम्हाला शाल मिळाली. एकच, दोघांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी सोफा आत ओढत होती. बायकोने देवघरात दिवा लावला, देवांना हात जोडले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघा, हे काही उठले नाहीत."