बिनआवाजाचं बदक

भिवंडीत कामतघरला आमची खोली होती ती लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, कारखान्यामागे. मागे म्हणजे कशी, तर दार एकच आणि ते उघडायचं थेट कारखान्यात. दोन्ही बाजूंना धडधडणारे लूम, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. आमचे हे तिथले मुकादम, म्हणून ती खोली मिळालेली. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी ह्यांनी सांगितलं, "शिफ्ट चालू असताना बाहेर पडायचं नाही. पदर पट्ट्यात गेला तर संपलं." खोटं नव्हतं ते. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पाळी बदलायची, लूम थांबायचे. तेवढ्यात भाजी, दळण काय ते उरकून आत यायचं. बाकी दिवसभर मी आणि चार भिंती. भिंतीसुद्धा थरथरायच्या हो, फळीवरची भांडी आपोआप पुढे सरकायची.

त्या आवाजात बोलायचं म्हणजे एक तर कानाला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर नुसते ओठ हलवायचे आणि हातानं खुणा करायच्या. सगळे कामगार तसंच बोलायचे. मीही शिकले. पार तिकडच्या टोकाहून ह्यांनी ओठांनी "चहा" म्हटलं की मला कळायचं, आणि साखर कमी हेसुद्धा. आमची लेक ह्यातच वाढली, अगदीच अडलं तर कानाशी येऊन ओरडायची, एरवी ओठ आणि खुणा. आम्हाला वाटायचं, किती गुणाची पोर, गोंगाट नाही काही नाही.

मग ह्यांनी एक जुना टीव्ही आणला. रविवारी सकाळी, भर शिफ्टमध्ये, कार्टून लागायचं. आता आमची गंमत बघा. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी, कारण त्या दिवशी लाइटच बंद. म्हणजे लाइट असेल तेव्हा लूमचा धडधडाट, आणि लूम गप्प झाले की टीव्हीही गप्प. लेकीनं कार्टून कधी ऐकलंच नाही. एक बदक यायचं, त्याच्यामागे एक कोल्हा. मीच तिच्यापुढे बसून ओठांनी सांगायचे, "बदक म्हणतंय, माझी टोपी कुणी नेली? कोल्हा म्हणतो, मी नाही, वाऱ्यानं नेली." खरं काय म्हणत होते देव जाणे.

साडेतीन वर्षांची झाली तेव्हा धामणकर नाक्याजवळ एका बाईंचा बालवर्ग आहे असं कळलं. मुलाला एक गाणं म्हणता आलं पाहिजे, एवढीच अट. मी चौथीपर्यंत शिकलेली, गाणी कुठून आणू? मग मीच जुळवलं.

बेडूक आला छत्री घेऊन,
चिखलामध्ये बसला जाऊन.

असं आठ ओळींचं. हातवारे करून महिनाभर घोकून घेतलं. भेट शुक्रवारी होती म्हणून मलाही जाता आलं. शेअर रिक्षात मांडीवर लेक, आणि मला आपलं उगाच हसू येत होतं.

बाई म्हणाल्या, "म्हण बाळ." आमची लेक उभी राहिली, हातानंच छत्री उघडली, बेडकासारखी बसली, आठच्या आठ ओळी म्हटल्या. एक शब्द चुकली नाही. मी टाळ्या वाजवल्या. बाई माझ्याकडे वळल्या.

"अहो आई, ही बोलली कुठे?"

"आत्ता म्हटलं की सगळं!"

"नुसतं तोंड हलवलं. ऐकू येतं का हिला?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी ते गाणं तिला बिनआवाजाचं शिकवलं होतं. शिकवताना मला कळलंही नव्हतं, की माझ्याही तोंडातून आवाज निघत नाहीये.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत आणा. बोलली तर घेऊ, नाहीतर डॉक्टरांना दाखवा." घरी हे म्हणाले, "राहू दे की वर्षभर तुझ्याजवळ. काय घाई आहे?"  पण खरं सांगते, मला घाई होती. तिच्यासाठी होती, आणि माझ्यासाठीही. शाळा नऊ ते बारा. तिला सोडायला, आणायला कुणीतरी हवंच ना? त्या दाराच्या बाहेर माझाही पाय पडेल असं मी मनात केव्हाचं ठरवून टाकलं होतं.

पुढच्या शुक्रवारी लूम थांबल्यावर मी म्हटलं, "म्हण गं मोठ्यानं." तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. शांततेत ती बावरायची, मांडीत शिरून बसायची.

शेवटी कारखान्याच्या मालकीणबाईंना सांगितलं, सगळे त्यांना चाची म्हणायचे. गल्लीच्या टोकाला त्यांचं जाड भिंतींचं घर, तिथे लूम ऐकूच यायचे नाहीत. म्हणाल्या, "रविवारी सकाळी सातला, पाळी बदलताना ये तिला घेऊन, संध्याकाळच्या सातला परत जा. तुझ्या मुकादमाला सांग, चाचीनं बोलावलंय." त्यापुढे हे काय बोलणार?

चाचींनी लेकीच्या हातात वाफवलेलं गोड सांदण दिलं आणि टीव्ही लावला. बदक आलं. मोठ्या चिरक्या आवाजात हिंदीत काहीतरी बोललं. लेक ताडकन उठली.

"ए! चुकीचं बोलतंय!" छप्पर उडेल असा आवाज. "टोपी म्हण! टोपी कुणी नेली म्हण!"

मग चाचींकडे वळून सगळी गोष्ट सांगितली, कोल्ह्याची, वाऱ्याची, आणि त्या ओघात छत्रीवाल्या बेडकाचीसुद्धा. चाची हसून हसून लाल झाल्या. "तौबा! हिला कोण मुकी म्हणालं? ही तर कोर्टात भांडेल!" मला हसावं की रडावं कळेना.

पंधरा दिवस भरले त्या शुक्रवारी बाईंनी तिला घेतलं. गाणं इतकं ओरडून म्हटलं तिनं, की शेजारच्या घरांतली पोरं दारात आली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी चपला पुसून दाराशी ठेवल्या, पदर कमरेला घट्ट खोचला. हे आले. कानाशी तोंड आणून ओरडले, "तू कशाला? चालू शिफ्टमध्ये? मी नेतो खांद्यावरून." आणि तिला उचललंच.

लूमच्या मधल्या वाटेनं ती ह्यांच्या खांद्यावरून जात होती, तोंड माझ्याकडे. पार पुढच्या दाराशी तिचे ओठ हलले, "आई, तू पण चल." मी ओठांनीच म्हटलं, "तू जा." चपला उचलून कॉटखाली सरकवल्या.

बाराला ह्यांच्या खांद्यावरून परत आली ती नवीन गाणं घेऊन. माझ्यापुढे उभी राहून, मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून म्हणत होती. लूमच्या धडधडाटात मला काही ऐकू येईना. मी खूण केली, ओठांनी म्हण, हळू. तिनं पाय आपटला. "बाईंनी सांगितलंय, आवाज काढूनच म्हणायचं." हेही मी ओठांवरूनच वाचलं.

तो सोमवार होता. मी शुक्रवारची वाट बघायला लागले.