बिनझेंड्याच्या काठ्या : बोसोच्या किनाऱ्यावर दोन दिवस

ऑक्टोबरमधल्या त्या आठवड्यात मी घरातली तीन कपाटं रिकामी केली आणि तिन्ही होती तशीच परत भरली. काय टाकायचं, काय न्यायचं, काही सुचत नव्हतं. माझा नवरा निखिल याला कंपनीनं येत्या मार्चपासून पुण्याला परत बोलावलं होतं. आम्ही तोक्योच्या कोतो भागात राहायला आलो तेव्हा आमची रेवा सहा वर्षांची होती, आता सोळाची आहे. बातमी सांगताना निखिल इतका खुशीत होता की मी "छान झालं" म्हणून मोकळी झाले. रेवा ताट तसंच ठेवून खोलीत गेली.

बुधवारी ती चित्रांची वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आई, शनिवारी मला एके ठिकाणी नेशील?"

वहीत जुन्या मोटरसायकली होत्या. मागच्या सीटची पाठ खुर्चीच्या पाठीपेक्षा उंच, हँडल आत वळवलेलं, आणि सीटच्या मागून आभाळाकडे गेलेल्या चकचकीत नळ्या. काही सरळ, काही दोरीसारखा पीळ दिलेल्या. याला इथे हाताबो म्हणतात, झेंड्याची काठी. पूर्वी बोसोझोकु, म्हणजे टोळीनं गाड्या पळवून आख्खं गाव जागं ठेवणारी पोरं, या काठ्यांवर आपापल्या टोळीचा झेंडा लावायची. आता टोळ्या बऱ्याचशा संपल्या, झेंडे उतरले, काठ्या राहिल्या. पन्नाशीची माणसं हौसेनं जुन्या गाड्यांना बसवतात. चिबाच्या किनाऱ्यावर फुमिए-सान नावाच्या बाई त्या बनवतात असं रेवानं शोधून काढलं होतं. इन्स्टाग्रामवर त्यांना लिहिलं होतं आणि "शनिवारी दुपारी या" असं उत्तरही मिळवलं होतं.

एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी म्हटलं, "जाऊ. बाइकनंच जाऊ."

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कॉलेजात असताना मी पुणं बाइकवर पालथं घातलंय, तरी इथला परवाना काढताना अरुंद फळीवरून पडून दोनदा नापास झाले. त्या फळीवर सात सेकंद काढावे लागतात, लवकर पार झालात तर गुण जातात. मला हळू चालवता येत नाही हे तेव्हा कळलं. परवाना वर्षभर जुना झाल्याशिवाय मागे कुणाला बसवता येत नाही, आणि एक्स्प्रेसवेवर मागे बसवायचं तर नियम आणखी कडक. म्हणून साधे रस्ते धरले. अडीचशे सीसीची भाड्याची बाइक विम्यासकट दिवसाला साधारण बारा हजार येन पडते. दुकानं सकाळी उशिरा उघडतात, त्यामुळे मी ती शुक्रवारी संध्याकाळीच आणून ठेवली.

शनिवारी सहाला निघालो. निखिल खाली सोडायला आला, रेवाच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाला, "पोचलात की मेसेज टाका." खाडीच्या कडेनं जाणाऱ्या ३५७ नंबरच्या रस्त्यावर शनिवारीसुद्धा ट्रक नुसते अंगावर येतात. चिबा शहर मागे पडलं की रस्ता मोकळा होतो, दोन्ही बाजूंना भुईमुगाची शेतं लागतात. उपटलेल्या वेलांचे माणसाएवढे ढीग करून वाळवायला ठेवतात. एका टपरीवर उकडलेल्या ओल्या शेंगा मिळाल्या, मिठाच्या, आपल्यासारख्याच. रेवानं एक पिशवी एकटीनं संपवली. एरवी मी थांबू या म्हटलं की ती कंटाळते, पण त्या दिवशी मलाच थांबवत नव्हतं. शेंगा तोंडात असतानाच मी गाडी चालू केली.

पुढे कुजुकुरीचा किनारा. सरळ, लांबच लांब, वाऱ्याचा. भाजलेल्या मोठ्या शिंपल्या खायच्या असतील तर इथेच खा, पुढे महाग होतात. या साऱ्या द्वीपकल्पाचं नाव बोसो. टोळ्यांच्या नावातला बोसो वेगळ्या अक्षरांनी लिहितात, हे रेवानं मागून ओरडून सांगितलं. 

फुमिए-सानचं वर्कशॉप ओंजुकुच्या पुढे एका छोट्या बंदराला लागून आहे. बाई साठीच्या, बुटक्या, डोक्याला टॉवेल बांधलेला. पोटापाण्याचं काम म्हणजे मासेमारी बोटींचे कठडे आणि शिड्या. वडील बोटींवरच्या झेंड्यांच्या काठ्याही करायचे. भरपूर मासळी मिळाली की बोटी रंगीत झेंडे लावून बंदरात शिरत. "मी त्याच काठीला पीळ दिला आणि मोटरसायकलवर लावली. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

रेवा त्यांचं बोलणं मला मराठीत सांगत होती आणि मी मान हलवत होते. खरं तर मला बरंचसं कळत होतं. मी इथे नोकरी करते. पण ऑफिसात बोलायची जपानी वेगळी आणि किनाऱ्यावरची वेगळी, त्यामुळे पोरीला पुढे करणं सोपं जातं. तशी आमची सवयच पडली आहे.

काठी कशी वाकवतात ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, मग तापवून वाकवायची. वाळू नसेल तर नळी चेपते, आणि वाळू ओली राहिली तर वाफेनं फुटते. फुमिए-साननी रेवाला जाड हातमोजे दिले आणि एक टोक धरायला लावलं. नळी लाल झाली, बाईंनी पूर्ण वजन टाकलं आणि ती ऊस वाकावा तशी हळूच वाकली. रेवानं टोक सोडलं नाही.

माझं माहेर कोल्हापूरचं. मी त्यांना माझ्या मोडक्या जपानीत जोतिबाच्या सासनकाठ्यांबद्दल सांगितलं, की माणसं तीस-तीस फुटांच्या काठ्या कमरेशी तोलून नाचवतात, वर निशाण असतं, गुलालानं सगळं गुलाबी होतं. त्यांना फार आवडलं. "आणि काठी पडली तर?"

"दोऱ्या धरणारी माणसं असतात. पडू देत नाहीत."

"आमच्यात पडायची," त्या हसल्या. सतराव्या वर्षी त्या मैत्रिणीच्या मागे बसून झेंडा धरायच्या. पावसात भिजलेला झेंडा इतका जड व्हायचा की दुसऱ्या दिवशी शाळेत पेन धरता यायचं नाही. मी विचारलं, लोकांना त्रास व्हायचा ना? त्यांनी टाळलं नाही. "व्हायचा. शेजारी आजारी म्हातारा होता, त्याच्या खिडकीखालून आम्ही मुद्दाम जायचो. त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही." म्हणून टोळीचं नाव असलेला झेंडा त्या आता कुणालाही लावू देत नाहीत. काठीसुद्धा बरेच जण गाडीत घालून आणतात आणि मेळाव्याच्या जागीच बसवतात, नाहीतर पोलीस अडवतात.

मग रेवानं विचारलं, एक छोटी काठी विकत मिळेल का?

"तुझी बाइक आहे?"

"नाही."

"मग नाही. बाइक नसलेल्याला मी काठी विकत नाही. तुला कशाला हवी आहे?"

रेवानं उत्तर जपानीत दिलं, भराभर, माझ्याकडे न बघता. मार्चमध्ये मला परत नेणार आहेत, ती म्हणाली. बाबांनी ठरवलं. आईनंही ठरवलंय, फक्त ती बोलत नाही. मला कुणी विचारलंच नाही. म्हणून मला अशी एक वस्तू हवी आहे जी कुठल्याच सूटकेसमध्ये बसणार नाही.

फुमिए-साननी माझ्याकडे पाहिलं. "ओकासानना कळलं," त्या रेवाला म्हणाल्या. ओकासान म्हणजे आई.

"नाही. एवढं नाही कळत तिला."

"कळतं," मी जपानीत म्हटलं. "सगळं कळलं."

रेवा पांढरीफटक पडली. हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि बाहेर निघून गेली. मी मागे धावणार होते, पण बाईंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा." ती पाच मिनिटं मी उभ्यानंच काढली.

बंदराच्या धक्क्यावर ती पाय सोडून बसली होती.

"तू असं लपून ऐकतेस?" तिनं मराठीत विचारलं.

"समोर उभी होते मी, रेवा."

"मग बाबांना का नाही म्हणालीस काही? तुला जायचंय का?"

पहिली चार वर्षं मी इथे कुठला कचरा कोणत्या वारी टाकायचा ते पाठ करण्यात आणि एकटीनं रडण्यात घालवली. मग भाषेचा वर्ग, बेंतोच्या, म्हणजे तयार डब्यांच्या, दुकानात अर्धवेळ काम, आणि आता माल पाठवणाऱ्या ऑफिसात माझं स्वतःचं टेबल. लोक फोनवर माझं नाव घेऊन मला मागतात. आणि तिकडे कोल्हापूरला माझी आई एकटी, तिचे गुडघे गेलेले. यातलं कुठलंही मी निखिलला सांगितलं नव्हतं, कारण एक सांगितलं की दुसरंही सांगावं लागलं असतं.

"नाही जायचं," मी म्हटलं, आणि लगेच घाबरले. "पण आजीचं काय, ते मला माहीत नाही."

रेवानं समोरच्या बोटींकडे पाहिलं. "मलापण नाही माहीत," ती म्हणाली. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. असं तिनं कितीतरी दिवसांत केलं नव्हतं.

रात्री जवळच्याच एका मिनशुकुत, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, राहिलो. दोघींचे मिळून अठरा हजार, दोन वेळच्या जेवणासकट. मासा ताजा, भात भरपूर, मालकीणबाई बोलक्या. मासे-मांस खात नसाल तर आधी कळवा.

रविवारी सकाळी फुमिए-साननी सांगितलेल्या समुद्राकाठच्या पार्किंगमधल्या मेळाव्याला गेलो. वीसेक जुन्या गाड्या होत्या. माणसं पिकल्या केसांची, एकाच्या गुडघ्याला पट्टा. रेवानं टोक धरलेल्या काठीला अजून चकाकी चढवायची बाकी होती, तरी तिचे मालक, एक नळजोडणी करणारे गृहस्थ, ती ब्लँकेटमधून काढून गाडीला लावून बघत होते. त्यांनी रेवाला बोलावलं आणि सांगितलं, "हे वळण तू धरलंस म्हणे. अगदी नेमकं आलंय." ती कानापर्यंत लाल झाली. कोपऱ्यात एक पोलीस वही घेऊन उभा होता. सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार केला, त्यानंही केला. मग एकेक इंजिन चालू झालं. आवाज पोटात घुसतो, मला तो मुळीच आवडला नाही. पण वाऱ्यात त्या सगळ्या उघड्या काठ्या कापत होत्या ते मी टक लावून बघत राहिले.

निघताना फुमिए-सान रेवाला म्हणाल्या, "काठीला बाइक लागते, बाइकला परवाना, परवान्याला पत्ता. आधी पत्त्याचं बघा." हे त्या मला ऐकवत होत्या हे तिघींनाही कळलं.

परतीला आल्या वाटेनं जाऊ नका. कामोगावा शहरावरून डोंगर ओलांडून कानायाला या, बांगड्यासारखा 'आजी' नावाचा तळलेला मासा खा, आणि फेरीत बाइक घाला. चाळीस मिनिटांत खाडीपलीकडे योकोसुकाच्या बाजूला उतरता. तिथून योकोहामामार्गे घर. फेरीवर सगळे डेकवर फोटो काढत होते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत निखिलला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य घरापर्यंत टिकलं नाही.

संध्याकाळी हेल्मेट हातात असतानाच मी त्याला म्हणाले, "मला मार्चमध्ये यायचं नाहीये."

तो चिडला. "दोन आठवडे मी घरमालकापासून शाळेपर्यंत सगळ्यांना कळवतोय आणि तू आत्ता सांगतेस?" त्याचं बरोबरच होतं. पुढचा आठवडा घरात कामापुरतं बोलणं झालं. नंतर एका रविवारी तो स्वतःच कागद घेऊन बसला. माझा इथला व्हिसा त्याच्या नोकरीवर होता, तो माझ्या नोकरीवर करून घ्यायला तीन महिने गेले. आता रेवा माझ्या व्हिसावर आहे. निखिल मार्चमध्ये एकटा गेला. महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाऊन माझ्या आईला डॉक्टरकडे नेतो, आणि तेही मी न सांगता. आम्ही दोघी लहान घरात आलोय. रेवाची शाळा संपेपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, असं चालायचं आहे. त्यानंतरचं कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही. कोल्हापूरहून फोन आला की हातातलं काम टाकून पहिल्याच रिंगला उचलते. निखिलच्या आवाजात कधीकधी एक थकवा असतो, तो मी मुकाट्यानं ऐकते. पण मी आता कपाटं उपसत नाही. आणि जे वाटतं ते, चुकीच्या वेळी का होईना, बोलून टाकते.

काल निखिलचा फोन आला. ऑगस्टमध्ये दहा दिवसांची सुट्टी मिळाली आहे. म्हणाला, "मलाही तो किनारा दाखव. पण चालवणार तू. मी मागे बसेन."

मी म्हटलं, "बस. पण मी हळू चालवत नाही."

"माहितेय," तो म्हणाला.