साबण आणि ठकीचं बाळ

आपटा गावाजवळच्या वीटभट्टीवर गोमा विटा पाडायचा आणि त्याची बायको ठकी पायांनी चिखल तुडवायची. दिवस भरत आले तरी तिचे पाय थांबेनात. मी त्या भागातली नर्स. रागावले, तर हसली. "अरुंधतीबाय, आतला गडी या चालीवर निजतो. थांबले का लाथा मारतो."

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत तिला झोपडीतच मुलगा झाला. मी गेले, नाळ पाहिली आणि नको तेवढं शहाणपण शिकवून आले. भट्टीची राख सगळीकडे उडते, तेव्हा पाजायच्या आधी दरवेळी छाती साबणाने धुवायची. पनवेलच्या बाजारातली वासाची गुलाबी वडीही दिली. केवढे उपकार!

तिसऱ्या दिवशी गोमा धावत आला. "पोर पीतच नाय!"

जाऊन पाहते तर बाळाचे ओठ सुकलेले, दुपटं सकाळपासून कोरडं. ठकी छातीशी धरायची आणि ते तोंड फिरवून किंचाळायचं. हळूहळू किंचाळायचंही त्राण उरेना. पनवेलच्या दवाखान्यात न्यायला विटांचा टेम्पो आणायला मी गोमाला पिटाळलं.

ठकी पुन्हा छाती धुवायला उठली. हाताला साबण लावला, नाकाशी नेला आणि तशीच थांबली.

"बाय, हा वास माजा नाय."

तिने साबण टाकला. दोरीवरचं, चिखल तुडवताना नेसायचं मळकं लुगडं ओढून त्याने छाती खसाखसा पुसली, त्याच लुगड्यात उघडं बाळ अंगाशी बांधलं आणि कोरड्या जमिनीवरच चिखल तुडवल्यासारखे पाय टाकायला लागली.

"ठकी, वेड लागलंय का? बस खाली!" मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

डावा पाय, उजवा पाय. बाळाचं कण्हणं थांबलं. मला भलतीच शंका आली, घाईने हात पुढे केला. तेवढ्यात ते इवलं डोकं हललं. नाक तिच्या अंगावर घासत घासत काहीतरी शोधू लागलं. तोंड उघडलं. मग ऐकू आलं, गुटुक. थोड्या वेळाने पुन्हा, गुटुक.

ठकी रडत होती, पाय मात्र चालूच होते.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ठकीने पायानेच ती गुलाबी वडी माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली. आता पनवेलला जायचं होतं ते फक्त मला आणि माझ्या साबणाला.