कागदाला आठ दिवस होते

डिचोलीच्या एका दलालाने मला फसवलं. टेम्पो विकण्याआधी, पासिंगच्या, म्हणजे सरकारी तपासणीच्या, दिवसापुरते त्याने दुसऱ्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेकचा नवा पंप बसवला, गाडी पास करून घेतली, आणि माझ्या हातात किल्ली देण्याआधी दोन्ही गुपचूप काढून घेतले. मी पाळीच्या खाणीवर टोपल्या उचलून वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मी नारळसुद्धा घेत नाही. तरी फसलो. हे मला सांगितलं धारगळच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी, आणि तेही गाडीकडे पाठ करून.

मेस्त्री नेहमी हमरस्त्याकडे पाठ करूनच बसत. शेडमध्ये एक बुटका स्टूल, हातात विडी, आणि कान मागे. रस्त्यावरून ट्रक गेला की म्हणत, "मागलो डावो पट्टो संपलो ह्याचो." मला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. एकदा असाच एक ट्रक पुढच्या चहाच्या गाड्यापाशी थांबला, तेव्हा मी धावत जाऊन ड्रायव्हरला चाक उघडायला लावलं. तो शिव्या देत होता, पण ब्रेकचा पट्टा खरोखरच संपलेला निघाला. त्यानंतर मेस्त्रींसमोर आवाज चढवताना मी आधी विचार करू लागलो. चढवायचा मात्र सोडला नाही.

त्यांच्या शेडमध्ये नव्या टायरांचा एक संच टांगलेला असे. पासिंगचा दिवस आला की ट्रकवाले ते एका दिवसासाठी मागायला येत. आमच्याकडे तो रिवाजच होता. आज तुझे टायर मला, उद्या माझे तुला. मेस्त्री सरळ नाही म्हणत. एकदा पाळीचा एक बडा ट्रकमालक स्वतः आला, गोड बोलला, मग चिडला. मेस्त्री तोंडातली विडी न काढता म्हणाले, "परीक्षेक तुजो भाऊ बसतलो आणि घाटी तू उतरतलंस?" तो मालक आल्या पावली परत गेला. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला असं बोलायला छाती लागते.

माझा टेम्पो पहिल्यांदा पासिंगला नेला तेव्हा जुन्या पासिंगच्या कागदाची मुदत संपायला आठ दिवस होते. तुयेच्या एका कारखान्याचं काम मला मिळायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी हवी, नाहीतर काम दुसऱ्याला. मेस्त्री आदल्या दिवशीच म्हणाले होते, पंप बदलल्याशिवाय नेऊ नकोस. मी ऐकलं नाही, तेव्हा ते स्वतःच सोबत आले. पेडण्याच्या मैदानावर इन्स्पेक्टरने ब्रेक तपासला आणि गाडी नापास केली. वर कागदावर लिहून दिलं की रिकामी, सावकाश, सरळ गॅरेजमध्ये न्यावी. दुरुस्त होऊन पुन्हा पास होईपर्यंत भाडं मारायचं नाही.

मी भडकलो. "साहेब, जुना कागद अजून आठ दिवस चालू आहे. कायद्याने मला कोण अडवणार?"

इन्स्पेक्टरच्या आधी मेस्त्रीच बोलले. "कागदाक आठ दिस आसत. ब्रेकाक किती आसत, ता सांग."

"मेस्त्री, तुमी माझे की ह्यांचे?"

"कालपर्यंत तुका म्हायत नाय होता. आता म्हायत आसा. आता चलवलंस तर चलवणारो तू, कागद न्हय."

इन्स्पेक्टर हसला आणि म्हणाला, "मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं."

मग मेस्त्रींनी जे केलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. ते टेम्पोत बसले नाहीत. खांद्याला पिशवी लावून ते गाडीच्या पुढे चालू लागले, आणि मला म्हणाले, "माज्या मागसून ये. माणसाच्या चालीन." पेडण्यापासून धारगळपर्यंत! मागे गाड्यांची रांग, हॉर्न, लोकांचं हसणं. कोणी तरी ओरडलं, "व्हकल खंय आसा रे?" व्हकल म्हणजे नवरी; वरात निघाल्यासारखाच देखावा होता. मी लाजेने आणि रागाने लाल झालो होतो. पुढे सत्तरीचा म्हातारा भर उन्हात एकदाही मागे न बघता चालला होता.

धारगळच्या अलीकडे उतरण लागली. उतरणीवर गियर काढून डिझेल वाचवायची माझी जुनी सवय. हात आपोआप गेला आणि मी गियर काढला. गाडीने वेग घेतला. ब्रेकवर पाय दिला तर पेडल थेट तळाला टेकलं. हँडब्रेक ओढला, त्याचाही उपयोग नाही. मी ओरडणार, त्याआधीच मेस्त्री बाजूला झाले होते. इंजिनाचा सूर बदलताच त्यांना कळलं होतं. पिशवीतून त्यांनी लाकडाचा एक ठोकळा काढला आणि पायाने पुढच्या चाकाखाली सारला. गाडी उचलली गेली, आपटली, थांबली. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. मेस्त्री खिडकीपाशी आले, आत डोकावले आणि विचारलं, "डिझेल किती वाचला?"

पंप मिळायला पाच दिवस गेले. तुयेचं काम दुसऱ्याला मिळालं. मी महिनाभर मेस्त्रींशी बोललो नाही. जीव वाचवणाऱ्यावर रुसणारा माझ्यासारखा मीच. महिन्यानंतर मी गेलो तर त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवला.

पुढे माझ्या सहा गाड्या झाल्या. एके दिवशी मी शेडमध्ये बसलो असताना माझाच ट्रक त्यांच्या मागून गेला, आणि त्याचा पट्टा घासत असल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. मला आलं. मी सांगितल्यावर ते उठले. मग हत्यारं एकेक करून पुसून पेटीत ठेवली. "कान गेले. आता कोणाच्या गाडयेक हात लावूचो नाय." कोणी विचारलं नव्हतं, कोणी हटकलं नव्हतं. स्वतःला नापास करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

सावंतवाडीला मुलीकडे जाताना त्यांनी माझीच गाडी मागितली. मी स्वतः चालवली. पत्रादेवीच्या आधीच ते माझ्या शेजारी गाढ झोपले. जन्मभर दुसऱ्याच्या ब्रेकवर कान ठेवलेला माणूस! तशी पावती मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. दोन वर्षांनी ते गेले.

हे सगळं आता लिहायचं कारण सांगतो. परवा सकाळी पासिंगच्या मैदानावर माझ्या डोळ्यांदेखत एक शाळेची बस ब्रेकमुळे नापास झाली. दुपारी तीच बस मुलं भरून डिचोलीकडे चाललेली मी पाहिली. आडवी गाडी घालून मी ती थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, मालकाने पाठवली. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "जुना कागद चालू आहे, तुम्ही कोण विचारणार?" शाळेने सांगितलं, ते मालकाचं काम.

मी मुलांना माझ्या दोन गाड्यांतून घरी पोचवलं. तेवढ्याने माझा राग गेलेला नाही. त्या मालकाने शाळेच्या अंगणात यावं, त्या मुलांच्या आईबापांसमोर उभं राहावं. कागद घरी ठेवून यावं. मालका, सकाळी ब्रेक नापास झालेत हे तुला कळलं होतं की नाही, एवढंच तोंडाने सांग.