कसंनुसं होतंय

सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला शनिवारी सकाळी आमचा मराठीचा वर्ग भरतो. मुलांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा. मोठ्यांना मी शिकवते, नोकरी सांभाळून, हौसेनं. त्या वर्षी माझ्या वर्गात चिनी वंशाची, इथेच वाढलेली एक मुलगी होती. नवरा साताऱ्याचा. सासूबाई पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी येणार होत्या आणि त्यांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. “मला त्यांच्याशी नीट बोलायचंय,” एवढंच तिनं पहिल्या दिवशी सांगितलं.

ती मन लावून शिकली. ‘ळ’ यावा म्हणून घरी आरशासमोर जीभ वळवून बघायची. मी तिला नात्यांची नावं शिकवली, भाजी घेताना काय बोलायचं ते शिकवलं, ‘चहा घेणार का’, ‘झोप लागली का’ शिकवलं. आमच्या पुस्तकात तेवढंच होतं.

सासूबाई येऊन दोन आठवडे झाले असतील. पाया लेबारच्या ऑफिसात मी मीटिंगमध्ये होते आणि तिचे लागोपाठ तीन फोन आले. बाहेर येऊन उचलला.

“टीचर, आई सारखं एकच बोलतायत. डिक्शनरीत सापडत नाही.” नवरा कामासाठी बँकॉकला निघाला होता, विमानात होता.

“काय बोलतायत?”

“कसानुसा होतंय.”

म्हणजे कसंनुसं. लाज वाटली तरी आपण कसंनुसं होतंय म्हणतो, मळमळलं तरी म्हणतो. माझे वडील शेवटच्या सकाळी हेच म्हणाले होते आणि आम्ही त्यांना लिंबू सरबत करून दिलं होतं.

“फोन त्यांना दे,” मी म्हणाले.

“मावशी, मी तुमच्या सुनेची मराठीची बाई. काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही गं. कसंनुसं होतंय. जरा पडते, बरं वाटेल.”

“पोटात होतंय की छातीत?”

“असं बोट ठेवून नाही सांगता येत.” मग त्या म्हणाल्या, “घाम फार येतोय. इथली हवाच तशी.”

मी सुनेला विचारलं, “एसी चालू आहे का?”

“हो,” ती म्हणाली. “घर थंड आहे.”

“ॲम्ब्युलन्स बोलाव. त्या नको म्हणतील. तरी बोलाव.”

फोन ठेवला आणि मलाच शंका आली. मी इंजिनियर, डॉक्टर नव्हे. नुसतं पित्त निघालं तर? परक्या देशात म्हातारीला उगीच स्ट्रेचरवर घातलं, असं झालं तर सासूसुनांमध्ये कायमची अढी बसेल. मीटिंगमध्ये परत जाऊन बसले, पण कुणाचं एक वाक्य डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. हृदयविकाराचा झटका होता, सौम्य. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मात्र मोजत बसले, किती शनिवार आपण तिच्याकडून चहाची वाक्यं घोकून घेतली.

पुढच्या शनिवारी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर लिहिलं: मळमळतंय, गरगरतंय, धडधडतंय, कळ येतेय, जीव घाबरा होतोय. ती हॉस्पिटलमधून थेट आली होती. तिनं सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, “टीचर, आई ‘काही नाही’ म्हणाल्या, तर त्याचा अर्थ काय?”



“पुन्हा विचारायचं,” मी म्हणाले.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझी बारा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तीही मुलांच्या वर्गातून आलेली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “जीव घाबरा होणं म्हणजे काय, सांग बघू.”

तिनं एका कानातला इयरफोन काढला. “लाइफ घाबरलं, लाह?” इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावून ती म्हणाली.

मी तिला समजावून सांगू लागले. तिनं ऐकलं, मान हलवली. किती कळलं ते मी विचारलं नाही.